दोन अर्धी जहाजं, एक नोंद : ‘झुबियन’चा सेवा-इतिहास कसा वाचायचा?



आज सुरुवात एका सोप्या गणिताने करू. कॅल्क्युलेटर लागणार नाही.

ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या एका वर्गात १२ विनाशिका बांधल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात त्यातल्या दोन पाणसुरुंगांनी बुडाल्या. आणखी दोन अर्ध्या-अर्ध्या उद्ध्वस्त झाल्या, पण बुडाल्या नाहीत. त्या दोघींचे शाबूत भाग जोडून एक जहाज तयार केलं आणि त्याला तिसरंच नाव दिलं. युद्ध संपलं तेव्हा या वर्गाची ९ जहाजं शिल्लक होती. तर या वर्गाचं नुकसान किती टक्के?

पहिलं उत्तर : दोनच बुडाल्या, म्हणजे १२ पैकी २, सुमारे १७ टक्के. दुसरं उत्तर : १२ ची ९ झाली, म्हणजे २५ टक्के. तिसरं उत्तर : मूळ यादीतली चार नावं गेली, म्हणजे ३३ टक्के. चौथं उत्तर : यादीत एकूण १३ नावं आहेत, त्यातली चार गेली, म्हणजे सुमारे ३१ टक्के.

चारही उत्तरांत आकडेमोड बरोबर आहे आणि चारही जणांनी तीच माहिती वापरली आहे. मग फरक कुठे पडला? ‘जहाज’ म्हणजे काय मोजायचं, हे प्रत्येकाने मनातल्या मनात वेगळं ठरवलं आणि कुणीच ते कागदावर लिहिलं नाही. संशोधन पद्धतीच्या तासाला आपल्याला ‘एकक ठरवा’ असं सांगतात, आपण मान डोलावतो, वहीत लिहून घेतो आणि विसरतो. म्हणून आज व्याख्या न देता एका खऱ्या जहाजाची कहाणी सांगते. तिचं नाव एचएमएस झुबियन.

तुम्ही म्हणाल, विज्ञानाच्या ब्लॉगवर युद्धनौका कशाला? माझं काम जुन्या हवामान नोंदींवर आहे. समुद्रावरच्या शंभर वर्षांपूर्वीच्या वायुभाराच्या नोंदी आपल्याला मिळतात त्या बऱ्याच अंशी जहाजांच्या लॉगबुकांमधून. ‘ओल्ड वेदर’ नावाचा एक प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. त्यात स्वयंसेवकांनी घरी बसून पहिल्या महायुद्धाच्या काळातली रॉयल नेव्हीची लॉगबुकं वाचून टंकली. त्यामुळे या नोंदी वापरणाऱ्याला बॅरोमीटरसोबत जहाजही ओळखावं लागतं. आणि एकदा जहाजांच्या सेवा-इतिहासात शिरलं, की प्रत्येक पानावर संशोधन पद्धतीचा एक धडा सापडतो.

आधी गोष्ट

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अॅडमिरल फिशर यांना वेगवान, तेलावर चालणाऱ्या, टर्बाइन बसवलेल्या विनाशिका हव्या होत्या. वेगाची अट होती ३३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर. यातून ‘ट्रायबल’ वर्ग तयार झाला. नावं दिली ती जमातींची आणि लोकसमूहांची : आफ्रिदी, कोसॅक, घुरका, मोहॉक, टार्टर, सॅरासेन, अॅमेझॉन, न्यूबियन, व्हायकिंग, क्रुसेडर, माओरी, झुलू.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नौदलाने अटी दिल्या, पण तपशीलवार आराखडा प्रत्येक जहाजबांधणी कंपनीने आपापला केला. त्यामुळे ‘एकाच वर्गातल्या’ या बहिणी एकमेकींसारख्या दिसत नव्हत्या. व्हायकिंगला तर सहा धुराडी होती! न्यूबियन थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने बांधली, झुलू हॉथॉर्न लेस्ली कंपनीने. दोन्ही १९०९ मध्ये पाण्यात उतरल्या.

या वर्गाची तेलाची भूक मोठी आणि साठा कमी. लांबच्या मोहिमांना त्या सोयीच्या नव्हत्या. म्हणून युद्धात त्यांची नेमणूक झाली ती डोव्हरला, सहाव्या फ्लोटिलात. इंग्लंड आणि फ्रान्समधली ही चिंचोळी सामुद्रधुनी राखायची, फ्रान्सला जाणारी सैन्याची वाहतूक सुरक्षित ठेवायची आणि जर्मन पाणबुड्यांची वाट अडवायची, हे ‘डोव्हर पट्रोल’चं काम.

२६ ऑक्टोबर १९१६ च्या रात्री बेल्जियमच्या किनाऱ्याकडून जर्मन टॉर्पेडो बोटींचा मोठा ताफा सामुद्रधुनीत घुसला. तिथे पाणबुड्या अडवण्यासाठी जाळी लावलेली होती आणि त्या जाळ्यांवर पहारा देत होत्या ‘ड्रिफ्टर’. मुळात या मासेमारीच्या बोटी. युद्धासाठी घेतलेल्या, जवळपास निःशस्त्र. जर्मनांनी सहा ड्रिफ्टर बुडवल्या, फ्लर्ट नावाची जुनी विनाशिका बुडवली आणि द क्वीन नावाचं वाहतुकीचं जहाज बुडवलं. ब्रिटिशांनी मदतीला ट्रायबल वर्गातल्या विनाशिका पाठवल्या, पण त्या एकत्र राहिल्या नाहीत. न्यूबियन पुढे निघून गेली, शत्रूशी एकटीच भिडली आणि तिला टॉर्पेडो लागला. तिचा पुढचा भाग गेला. ओढून आणताना दोर तुटला आणि उरलेलं जहाज साउथ फोरलंडजवळ किनाऱ्याला लागलं. जर्मनांची मात्र त्या रात्री एकही बोट बुडाली नाही.

थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरमध्ये, झुलू पाणसुरुंगावर गेली. तिचा मागचा भाग गेला. उरलेलं जहाज कॅलेला ओढून नेलं.

आता नौदलाच्या हातात एक पुढचा अर्धा भाग होता आणि एक मागचा. चॅटहॅमच्या गोदीत दोन्ही आणले. वेगवेगळ्या कंपन्यांनी बांधलेली जहाजं, त्यामुळे रुंदीत साडेतीन इंचांचा, म्हणजे जवळपास ९ सेंटीमीटरचा फरक. तो फरक सांभाळून जोडकाम केलं. झुलूचा पुढचा भाग, न्यूबियनचा मागचा. नावही तसंच जोडलं : पुढे ‘झु’, मागे ‘बियन’. जून १९१७ मध्ये झुबियन सेवेत दाखल झाली, परत डोव्हरलाच. फेब्रुवारी १९१८ मध्ये तिने एका पाणबुडीवर डेप्थ चार्ज टाकले आणि यूसी-५० बुडवल्याचं श्रेय तिला मिळालं. युद्ध संपल्यावर १९१९ च्या डिसेंबरमध्ये ती भंगारात विकली गेली. पुरती तीन वर्षंही नाही टिकली.

गोष्ट इथे संपते. आता संशोधक म्हणून ती पुन्हा वाचू.

पहिला धडा : नाव म्हणजे वस्तू नव्हे

झुबियनचा सेवा-इतिहास कधी सुरू होतो? १९१७ मध्ये की १९०९ मध्ये?

नेव्हीच्या यादीत शोधाल तर १९१७. पण तिचा पुढचा लोखंडी सांगाडा १९०९ पासून समुद्रावर होता, मागचाही होता. तुम्हाला ‘युद्धनौकेचं सरासरी आयुष्य’ काढायचं असेल आणि तुम्ही नाव हेच एकक धरलंत, तर झुबियनचं आयुष्य अडीच वर्षं येईल. तुमच्या आलेखात एक विलक्षण अल्पायुषी जहाज दिसेल आणि तुम्ही त्याचं कारण शोधत बसाल. खरं तर दहा वर्षं जुनं लोखंड भंगारात गेलं होतं.

उलटही होतं. रॉयल नेव्हीत नावं पुन्हा पुन्हा वापरतात. झुलू, न्यूबियन, कोसॅक, माओरी ही नावं दुसऱ्या महायुद्धातल्या दुसऱ्या ‘ट्रायबल’ वर्गातही आहेत. नुसत्या नावाने शोधलंत तर एकाच नावाखाली दोन वेगळी जहाजं एकत्र होतील. बरं, नाव सोडून जहाजाच्या अंगावर रंगवलेला पेनंट नंबर धरावा म्हणाल, तर पहिल्या महायुद्धात हे नंबर वेळोवेळी बदलले गेले.

म्हणजे एकाच वस्तूला अनेक ओळखी आणि एकाच ओळखीखाली अनेक वस्तू. ही अडचण फक्त जहाजांची नाही. वनस्पतीशास्त्रात जातीचं नाव बदलतं, जीवशास्त्रात एकाच जनुकाला तीन नावं असतात, समाजशास्त्रात जिल्ह्याच्या सीमा बदलतात आणि जनगणनेचे आकडे ‘त्याच’ जिल्ह्याच्या नावाखाली पुढे चालू राहतात. १९८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीचा ‘रत्नागिरी’ आणि त्यानंतरचा ‘रत्नागिरी’ एका रांगेत मांडून लोकसंख्या घटली असा निष्कर्ष काढला तर काय होईल, तुम्हीच सांगा.

मग करायचं काय? ‘योग्य’ एकक कुठलं यावर वाद घालत बसू नका. तुमचा प्रश्न एकक ठरवतो. जहाजबांधणीचा खर्च अभ्यासत असाल तर लोखंड मोजा. नौदलाची लढण्याची ताकद अभ्यासत असाल तर एका वेळी सेवेत किती जहाजं होती ते मोजा. जीवितहानी अभ्यासत असाल तर माणसं मोजा. जहाज बुडालं की नाही, हा तिथे दुय्यम प्रश्न आहे. न्यूबियन बुडाली नाही, म्हणून तिच्यावरचे मेलेले खलाशी जिवंत होत नाहीत.

दुसरा धडा : माणसं तिसरीकडेच नोंदलेली असतात

समजा, न्यूबियनवर कोण होतं हे तुम्हाला शोधायचं आहे. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात खलाशांच्या सेवा-नोंदी आहेत. जहाजाच्या नावाने शोधलं की झालं, असं वाटतं. पण छोट्या जहाजांवरच्या खलाशांची नावं पुष्कळदा त्या जहाजाच्या नव्हे, तर डेपो जहाजाच्या किंवा तळाच्या हजेरीवर असायची. पगारपत्रक तिथे ठेवलेलं असे. त्यामुळे माणूस विनाशिकेवर जीव मुठीत घेऊन उभा आहे आणि कागदावर तो बंदरातल्या डेपोत आहे.

हे चूक नाही, लबाडीही नाही. कारकुनाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण त्याला पगार वाटायचा होता, शंभर वर्षांनी येणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याचं समाधान करायचं नव्हतं. प्रत्येक नोंद कुणीतरी, कुठल्यातरी कामासाठी केलेली असते. ते काम आणि तुमचं काम एक नसतं. म्हणून कुठलाही तयार डेटा उघडला की पहिला प्रश्न हा : हे कशासाठी लिहिलं गेलं होतं? रुग्णालयाचं रजिस्टर बिलासाठी असतं, तलाठ्याचं महसुलासाठी, शाळेचं हजेरीसाठी. त्यातून आपण आजार, शेती आणि शिक्षण शोधतो. शोधता येतं, पण आधी त्या कारकुनाच्या खुर्चीवर बसून बघावं लागतं.

तिसरा धडा : ‘त्या रात्री’ म्हणजे कोणत्या तारखेला?

डोव्हरच्या त्या हल्ल्याची तारीख काही ठिकाणी २६ ऑक्टोबर दिसेल, काही ठिकाणी २७. कुणाचं चुकलं? कुणाचंच नाही. हल्ला रात्री दहाच्या सुमारास सुरू झाला आणि मध्यरात्रीनंतरही चालला. न्यूबियनला टॉर्पेडो लागल्याची तारीख २७ ऑक्टोबर. एकच लढाई, दोन तारखा.

आता यात घड्याळाची भर घाला. १९१६ च्या उन्हाळ्यात ब्रिटन आणि जर्मनी दोघांनीही पहिल्यांदाच उन्हाळी वेळ लागू केली होती, पण ऑक्टोबर लागला तेव्हा ती दोन्हीकडे संपली होती. म्हणजे या लढाईच्या वेळी ब्रिटनमध्ये ग्रीनिच वेळ आणि जर्मनीत मध्य युरोपीय वेळ, एक तास पुढे. ब्रिटिश लॉगबुकात रात्री ११ वाजून ३० मिनिटं, तारीख २६. त्याच क्षणाला जर्मन वेळेप्रमाणे लिहिलेल्या युद्धदैनंदिनीत १२ वाजून ३० मिनिटं, तारीख २७. दोन्ही नोंदी तंतोतंत खऱ्या असल्या, तरी तारखेनुसार जुळवल्या तर त्या दोन वेगळ्या रात्रींच्या वाटतील.

हीच घटना तीन महिने आधी, जुलैमध्ये घडली असती तर? तेव्हा दोन्ही देशांत उन्हाळी वेळ होती, म्हणजे फरक तोच एक तास. पण ब्रिटनने उन्हाळी वेळ २१ मे रोजी सुरू केली आणि जर्मनीने ३० एप्रिलला. मधल्या तीन आठवड्यांत फरक दोन तासांचा! एकच दुरुस्ती सगळ्या वर्षाला लावून चालणार नाही.

सेन्सरचा डेटा वापरणाऱ्यांनी हसू नये. एक यंत्र भारतीय प्रमाणवेळेवर, दुसरं जागतिक वेळेवर आणि तिसऱ्याचं घड्याळ लॅबमधल्या कुणीतरी हाताने लावलेलं, अशी तीन फायलींची जुळवाजुळव प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते. साडेपाच तासांचा फरक दिसला तर निदान ओळखू तरी येतो. एका तासाचा फरक मात्र खपून जातो, कारण निकाल ‘बऱ्यापैकी’ दिसतो. म्हणून वेळेच्या रकान्याशेजारी ‘कोणती वेळ’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

चौथा धडा : जे सांगायला उरले त्यांचंच आपण ऐकतो

फ्लर्टची हकीकत वाचताना मी थांबते. त्या रात्री फ्लर्टला अंधारात काही जहाजं जाताना दिसली. तिने इशारा करून ओळख विचारली, पण ती आपल्याच बाजूची असावीत असं समजून पुढे गेली. मग एक जखमी ड्रिफ्टर दिसली, तेव्हा तिच्यावरच्या माणसांना वाचवायला फ्लर्टने एक छोटी होडी पाण्यात सोडली. त्यानंतर जर्मनांनी फ्लर्टला गाठलं. ती बुडाली आणि जहाजावर असलेलं कुणीही वाचलं नाही. वाचले ते फक्त त्या होडीतले.

म्हणजे फ्लर्टबद्दल आपल्याला तिच्या माणसांकडून जे कळतं, ते होडी सुटेपर्यंतचं. नंतरचं ते लांबून, अंधारातून बघणाऱ्यांचं. शेवटच्या मिनिटांत ब्रिजवर काय ठरलं, कुणी काय ओळखलं, काय चुकलं, याचा साक्षीदार नाही. त्या जागी काही भरायचा मोह होतो आणि पुस्तकं ती जागा भरतातही. आपण भरू नये. प्रबंधात ‘यापुढची नोंद नाही’ असं एक वाक्य लिहायला हिंमत लागते, पण परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत. कापलेच, तर कल्पनेने भरलेल्या जागेसाठी कापतात.

याच्याशी जोडून आणखी एक. डोव्हर पट्रोलचे तेव्हाचे प्रमुख रेजिनल्ड बेकन यांनी १९१९ मध्ये आपल्या कारकिर्दीवर दोन खंडांचं पुस्तक लिहिलं. त्याआधीच त्यांना त्या पदावरून दूर करून त्यांच्या जागी रॉजर कीझ यांना आणलं होतं. आता हे पुस्तक वाचायचं की नाही? अगदी वाचायचं. त्यांच्याइतकं आतलं कोण सांगणार? पण लिहिणाऱ्याला कशाचा बचाव करायचा आहे हे ओळखून वाचायचं. त्या रात्रीचे निर्णय ज्याने घेतले, तोच त्या निर्णयांबद्दल लिहितो आहे. त्याने दिलेले तपशील आणि त्याने काढलेले निष्कर्ष वेगळ्या वहीत उतरवा.

पाचवा धडा : दिसलं काय आणि ठरवलं काय

आता सगळ्यात महत्त्वाचं. झुबियनच्या सेवा-इतिहासातली ठळक ओळ म्हणजे यूसी-५० बुडवल्याची. ही ओळ कशी तपासायची?

आधी याच वर्गातलं दुसरं उदाहरण घेऊ. ४ मार्च १९१५ रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत यू-८ ही जर्मन पाणबुडी बुडाली. श्रेय घुरका आणि माओरी या विनाशिकांचं. हे श्रेय पक्कं कशावरून? घुरकाने ओढत नेलेल्या स्फोटकांचा दणका बसल्यावर पाणबुडी वर आली, तिच्यावरचे सगळे लोक बाहेर पडले आणि कैद झाले. ही कोणती पाणबुडी होती, हे तिच्या कप्तानासकट सगळ्यांनाच माहीत होतं. हल्ला, बुडणं आणि ओळख, तिन्ही गोष्टींचा थेट पुरावा.

झुबियनच्या बाबतीत तसं नाही. यूसी-५० वरचं कुणीच वाचलं नाही. अशा वेळी ‘झुबियनने यूसी-५० बुडवली’ या एका वाक्यात खरं तर तीन वाक्यं दडलेली असतात :

एक, झुबियनने अमुक ठिकाणी, अमुक वेळी पाणबुडी बघून डेप्थ चार्ज टाकले. हे निरीक्षण.

दोन, त्या हल्ल्यात पाणबुडी बुडाली. हा निष्कर्ष. पाण्यावर तेल आलं, बुडबुडे आले, तरी ते नुसतं नुकसान झाल्याचंही लक्षण असू शकतं.

तीन, ती पाणबुडी यूसी-५० च होती. हा दुसरा निष्कर्ष, पहिल्यावर उभा. तो बहुतेक वेळा असा काढला जातो : या सुमाराला या भागातून जाऊ शकेल अशी कोणती पाणबुडी घरी परतली नाही?

तिसऱ्या वाक्याची तपासणी ब्रिटिश कागदांवरून होणारच नाही. त्यासाठी जर्मन बाजूच्या नोंदी लागतात : कोण कधी निघालं, कुठे पाठवलं होतं, शेवटचा संपर्क कधी झाला. त्याहून मोठा पुरावा समुद्राच्या तळाशी असतो. इनेस मॅकार्टनी यांच्यासारख्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी इंग्लिश चॅनेलच्या तळाशी जाऊन पहिल्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचे अवशेष ओळखले, तेव्हा जुन्या याद्यांमधल्या काही ओळी जुळल्या नाहीत. यादीप्रमाणे जिथे एक पाणबुडी असायला हवी होती तिथे दुसरीच निघाली, किंवा यादीत नसलेलीच सापडली. त्यामुळे थेट पुरावा नसलेली प्रत्येक श्रेयाची ओळ तात्पुरती मानायची आणि प्रत्येक नवीन पुराव्यासमोर पुन्हा उभी करायची.

यात पणाला काय लागतं? झुबियनच्या कीर्तीला एक पिस कमी झालं तर फारसं बिघडत नाही. पण पाणबुडीवरचे लोक कुठे आणि कधी गेले, हे त्यांच्या घरच्यांना त्या ओळीवरूनच कळलं असेल. यादीतली ओळ चुकली तर कुणाची तरी पुण्यतिथी चुकते. नुकसान कशामुळे झालं हे चुकीचं लिहिलं, तर कुठलं शस्त्र किती परिणामकारक होतं याचाही हिशेब चुकतो. सुरुंगाने गेलेली पाणबुडी डेप्थ चार्जच्या खात्यात मांडली, की पुढच्या युद्धाची तयारी त्याच खात्यावर होते.

सहावा धडा : जोड कुठे आहे ते लिहून ठेवा

आता माझ्या कामाकडे येते. जहाजावरच्या प्रत्येक बॅरोमीटरला स्वतःची एक ठराविक चूक असते. कुणी सतत थोडं जास्त दाखवतं, कुणी कमी. एकाच जहाजाच्या पुष्कळ नोंदी असल्या, तर शेजारच्या नोंदींशी ताडून ही चूक शोधता येते आणि वजा करता येते. जुन्या हवामानाचं चित्र पुन्हा उभं करणारे प्रकल्प, उदाहरणार्थ विसाव्या शतकाचं पुनर्विश्लेषण, वायुभाराच्या नोंदींवरच उभे आहेत. म्हणून ‘ही नोंद कोणत्या जहाजाची’ हा प्रश्न तिथे फार मोलाचा.

आता झुबियनचा विचार करा. तिची चूक झुलूची धरायची की न्यूबियनची? विनाशिकेचा ब्रिज पुढच्या भागात असतो, म्हणून झुलूची? की चॅटहॅममध्ये नवीन उपकरण बसवलं असेल, म्हणून दोघींचीही नाही? सुरक्षित उत्तर एकच : तिला नवीन जहाज धरा आणि चूक नव्याने काढा. पण त्याच वेळी नोंदीत लिहून ठेवा, की हे जहाज दोन जुन्या जहाजांपासून झालं आहे, जेणेकरून उद्या कुणाला वेगळा प्रश्न पडला तर त्याला धागा सापडेल.

दोन डेटासेट जोडताना आपण हेच विसरतो. जोडतो, साडेतीन इंचांचा फरक घासूनपुसून सारखा करतो, नवीन नाव देतो आणि सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही की कुठली ओळ कुठून आली. चॅटहॅमच्या कामगारांनी फरक लपवला नाही, तो मोजला. म्हणूनच आज आपल्याला तो माहीत आहे.

तुमच्या वहीसाठी

पहिल्या वर्षाला असाल किंवा पेटची तयारी करत असाल, तर हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा :

१. मी नक्की काय मोजते आहे : नाव, वस्तू की माणूस? माझ्या प्रश्नाला त्यातलं काय लागतं?

२. ही नोंद मुळात कुणी, कशासाठी केली?

३. वेळ आणि तारीख कोणाच्या घड्याळाची?

४. कुणाची साक्ष माझ्यापर्यंत पोचलीच नाही?

५. या वाक्यात निरीक्षण किती आणि निष्कर्ष किती?

६. दोन गोष्टी जोडल्या असतील, तर जोड कुठे आहे हे मी लिहिलं आहे का?

आणि एक गृहपाठ. तुमच्या विषयातलं, सगळे जण न तपासता उद्धृत करतात असं एक वाक्य निवडा. यूसी-५० च्या ओळीसारखे त्याचे तुकडे करा : दिसलं काय, मानलं काय, त्यावर आणखी काय रचलं. मग प्रत्येक तुकड्यासमोर पुरावा लिहा. एका तुकड्यासमोरची जागा रिकामी राहिली, तर घाबरू नका. कदाचित तुमच्या प्रबंधाचा विषय तिथेच असेल.

सुरुवातीच्या गणितातलं कुठलं उत्तर बरोबर, हे मी सांगितलेलं नाही. तुम्ही तुमचं सांगा, पण टक्केवारीच्या आधी एक वाक्य लिहा : ‘या लेखात जहाज म्हणजे...’ पुढची आकडेमोड मग कुणीही तपासू शकेल.